अकरा ग्रॅम

मी चौतीस वर्षं दुकानांतले काटे तपासले. वजनमापे निरीक्षक हा माझा हुद्दा. मी बाजाराच्या एका टोकाला शिरलो की दुसऱ्या टोकाच्या दुकानदाराला घाम फुटायचा. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेलं वजन, नजर चुकवून दाबलेला अंगठा, सगळं पाहून झालं. एकदा ज्याचा काटा खोटा निघाला, त्याच्याकडून मी घरासाठी पुन्हा कधी काडीपेटीही घेतली नाही. बायको म्हणायची, "तुमच्या नोकरीपायी मला चार गल्ल्या ओलांडून कांदे आणावे लागतात." ती जाऊन सहा वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे केलं ते असल्या माणसाने केलं आहे.

आमच्या घरात चार माणसं. मुलगा मालवाहू ट्रक चालवतो, दहा दिवसांत दोन दिवस घरी असतो आणि त्यातला एक झोपण्यात जातो. सून चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करते. सकाळी आठला जाते, संध्याकाळी सहाला येते. तिसरा मी. आणि चौथी मुंगी, माझी नात, दोन वर्षं एक महिन्याची. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती की मुलाने मुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. मुंग्या स्वतःच्या कितीतरी पट ओझं उचलतात म्हणे. आमची मुंगी चमचाभर भात पोटात घ्यायला तयार नव्हती.

मूल हट्टी असतं तर एक वेळ परवडलं असतं. हे नको, ते हवं म्हणणाऱ्या पोराला निदान काहीतरी हवं असतं. मुंगीला काहीच नको असायचं. तोंडाशी चमचा नेला की शहाण्यासारखं तोंड उघडायची, घास गालात ठेवायची आणि खेळायला निघून जायची. अर्ध्या तासाने गाल दाबून बघावा तर घास तिथेच. बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिला वजनावर ठेवलं तेव्हा काटा आठ किलो सातशेवर थांबला. चार महिन्यांपूर्वीही तो तिथेच थांबला होता. रक्त तपासलं, ते ठीक निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "महिनाभर बघू. रोज काय खाल्लं, किती खाल्लं, सगळं एका वहीत लिहा. आणि रोज तेच ते देऊ नका. मुलांनाही कंटाळा येतो."

सुनेने त्याच संध्याकाळी तक्ता केला. रंगीत पेनं घेऊन, पट्टीने रेघा मारून. तिचं कामच अर्ध्या मिलिमीटरचं, त्यामुळे तक्ता छापल्यासारखा दिसत होता. सोमवारी सकाळी दुधात शिजवलेले ओट्स आणि कुस्करलेलं केळं, दुपारी मऊ भात आणि मसूर. मंगळवारी अंड्याचा बलक घातलेला भात. बुधवारी लाल भोपळा, लोण्यावर परतून. मग पालक, काटे काढलेला मासा बटाट्याबरोबर, गाजराचं सूप, रताळं, मटार, दही आणि पपई. दिवसाला सहा वेळा खाणं, आणि मध्ये मध्ये दुधाची बाटली, कारण काहीतरी पोटात गेलेलं बरं. मी म्हटलं, "एवढं तर मोठ्या हॉटेलातही मिळत नाही." ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला जमेल ना?"

जमवलं. चहा आणि उकडलेलं अंडं यापुढे माझी कधी मजल गेली नव्हती. पण भोपळा किती वेळ वाफवायचा, माशातला शेवटचा काटा बोटाने चाचपून कसा शोधायचा, मटाराचं साल कसं सोलायचं, हे मी सहासष्टाव्या वर्षी शिकलो. आणि मोजायला माझा काटा होता. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयातल्या लोकांनी मला ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा छोटा काटा भेट दिला होता. अर्धी वाटी, दोन चमचे, असली मोजणी मला मान्य नव्हती. भरवण्याआधी वाटीचं वजन, भरवून झाल्यावर वाटीचं वजन. गळ्यातल्या लाळेऱ्यावर आणि फरशीवर सांडलेलं खरवडून तेही पुन्हा वाटीत घालायचं. जो फरक राहील, तेवढं मुंगीच्या पोटात.

पहिल्या दिवशी दुपारी नव्वद ग्रॅम भात आणि मसूर घेतले. पाऊण तास बसलो. फरक आला अकरा ग्रॅम. मी वहीत अकरा लिहिलं. दुसऱ्या दिवशी अंड्याचा भात, नऊ ग्रॅम. नऊ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून आली ती थेट वहीकडे गेली. दोन्ही पानं वाचली. मग ओट्याला टेकून फरशीवर खाली बसली, पायात बूट तसेच. रडली नाही. नुसतं म्हणाली, "अकरा ग्रॅम म्हणजे किती असतं हो, बाबा?"

"दोन चमचे," मी म्हटलं. "छोटे."

"मी दिवसभर लोकांच्या काचा घासते आणि माझी पोर दोन चमच्यांवर जगते."

त्या दिवशी ती जेवली नाही. आदल्या दिवशीही जेवली नव्हती, हे मला पातेलं उघडल्यावर कळलं. तिच्या वाट्याचा भात तसाच होता.

तिसऱ्या दिवशी भोपळ्याचा फरक आला चौदा ग्रॅम. मी पेन उचललं आणि त्रेसष्ट लिहिलं.

दया आली म्हणून लिहिलं हे खरं, पण ते निम्मंच खरं. उरलेलं निम्मं असं की मी सकाळी उठून तो भोपळा सोलला होता, वाफवला होता, चाळणीतून गाळला होता, आणि चौदा हा आकडा मला माझ्या कष्टांचा अपमान वाटला. संध्याकाळी सुनेने वही वाचली, परत वाचली. "त्रेसष्ट? बाबा, तुमच्या हाताला चव आहे की." त्या दिवशी ती दोनदा भात घेऊन जेवली आणि भांडी घासताना गुणगुणली. मी मनाशी म्हटलं, एका आकड्याने घरातलं एक माणूस तरी जेवलं.

खोटं लिहायचं तर नीट लिहावं, आणि माझ्याइतकं नीट कोण लिहिणार? खोटी वही कशी ओळखायची हेच तर मी नव्या निरीक्षकांना शिकवायचो. खोटं लिहिणारा माणूस गोल आकडे लिहितो. पन्नास, शंभर, दीडशे. खऱ्या मोजणीत आकड्याच्या शेवटी शून्य दहातून एखाद्या वेळीच येतं. म्हणून मी सत्तावन्न लिहिलं, एकोणचाळीस लिहिलं, मधूनच एखादा वाईट दिवस घातला, बावीस. उरलेलं अन्न कचऱ्यात टाकलं असतं तर सुनेला दिसलं असतं, आणि टाकवतही नव्हतं. ते मी खाल्लं. भोपळा, मसूर, रताळं, पालक, कुस्करून काळं पडलेलं केळं, सगळं. महिन्याभरात माझा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. सून म्हणायची, "बाबा, नातीबरोबर तुम्हीही बाळसं धरलंय." मी हसायचो. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे.

थांबावंसं वाटत होतं. पण मला एक म्हातारा धान्यवाला आठवायचा. त्याचा काटा जप्त करत होतो तेव्हा तो म्हणाला होता, "साहेब, खोटा काटा लावणं सोपं असतं. परत खरा लावणं अवघड. गिऱ्हाइकाला एकदम माल जास्त दिसतो, आणि ते विचारतं, मग कालपर्यंत काय होतं?" तेव्हा मला वाटलं होतं, चोर आहे तो आहे आणि वर तत्त्वज्ञान सांगतोय. आता मला ते रोज दुपारी ऐकू यायचं. त्रेसष्टवरून चौदावर मी कोणत्या तोंडाने येणार होतो?

रविवारी सुनेला सुट्टी असायची. पहिल्या रविवारी तिने स्वतः मासा आणि बटाटा केला, मुंगीला मांडीवर घेतलं आणि तासभर भरवत बसली. गाणी म्हटली, चमच्याचं विमान केलं, स्वतः खाऊन दाखवलं. मग माझ्याच काट्यावर वाटी ठेवली. तेरा ग्रॅम.

"माझ्या हातून तेरा," ती म्हणाली, "आणि तुमच्या हातून त्रेसष्ट." हसल्यासारखं केलं. "राग धरलाय बहुतेक माझ्यावर. दिवसभर टाकून जाते ना."

"लहान मुलं कसला राग धरतात?" मी म्हटलं.

"तसं नाही बाबा, त्यांना कळतं."

रोज संध्याकाळीही तेच व्हायचं. आईच्या हातचे दोन घास गालात धरून मुंगी उठून जायची. मी म्हणायचो, दिवसभर चांगलं जेवलीये, पोट भरलेलं असणार. पुढच्या रविवारपासून सून वाटी भरून माझ्या हातात द्यायची आणि बाहेर जिन्यात जाऊन बसायची. म्हणायची, मी समोर असले की ती खात नाही, उगाच मोडता नको. मी दार लावून घ्यायचो. बंद दाराआड मुंगीपुढे बसून मी ती वाटी स्वतः रिकामी करायचो आणि मग दार उघडून आकडा सांगायचो. तेव्हा बोलायला हवं होतं. मला ते समजत होतं, आणि तरी मी बोललो नाही.

महिना संपला. दवाखान्यातल्या काट्यावर मुंगी आठ किलो सहाशे पन्नास भरली. पन्नास ग्रॅमने उतरली होती. डॉक्टरबाईंनी वही मागितली आणि चष्मा लावून पान न् पान वाचलं.

"आजोबा, ही नोंद तुमची?"

"हो."

"इतकी वर्षं झाली या कामात, अशी वही पाहिली नाही. लोक अर्धी वाटी, पाव वाटी लिहितात, आणि त्यातलं निम्मं मनाचं असतं. यात शंका घ्यायला जागाच नाही." त्यांनी कागदावर बेरजा केल्या. मग पेन बाजूला ठेवलं. "एवढं खाऊनही वजन उतरतंय, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाहीये. आतड्यात काहीतरी दोष असणार. आता वरवरच्या तपासण्यांनी कळणार नाही. भूल देऊन, तोंडातून दुर्बीण आत घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढावा लागेल."

सुनेने मुंगीला घट्ट धरलं. "एवढ्याशा जिवाला भूल?"

"धोका कमी असतो. नसतोच, असं मी म्हणणार नाही."

मी खुर्चीत बसून होतो. सून माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबांची वही होती म्हणून कळलं तरी." दहा दिवसांनंतरची सकाळी अकराची वेळ मिळाली.

त्या दहा दिवसांत मी ठरवलं की खोटं कबूल करण्यापेक्षा ते खरं करून दाखवावं. मुंगीने खायला सुरुवात केली, वजन शंभर ग्रॅमने जरी वाढलं, तरी मीच डॉक्टरबाईंना फोन करून म्हणेन, थांबा. मी तक्ता सोडला आणि सुचेल ते करू लागलो. गाजराच्या चकत्यांचे डोळे आणि मटाराचं नाक लावून भाताचा चेहरा केला. मुंगीने नाक काढून खुर्चीच्या फटीत घातलं. पपईच्या बोटी केल्या, दह्यात सोडल्या. ती हसली, टाळ्या वाजवल्या आणि तोंड मिटून घेतलं. दर तासाला काहीतरी पुढे करत होतो, आणि नाही खाल्लं की बाटली देत होतो. माझ्या नाकी नऊ आले.

सातव्या दिवशी दुपारी तिने रताळ्याचा घास गालातून काढून माझ्या तळहातावर ठेवला. अगदी व्यवस्थित, जपून. आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही. मुंगी दचकली, तिचे ओठ थरथरले, आणि मग तिने तोंड उघडलं. मोठं उघडलं, आणि तसंच उघडं ठेवलं, मी त्यात काहीतरी घालावं म्हणून. माझ्या हातातून चमचा खाली पडला. तिला उचलून घेतलं आणि बराच वेळ घरभर फिरत राहिलो. मी तिला घाबरवलं याची मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी वहीत काही लिहिलंच नाही. सुनेला सांगितलं, लिहायचं राहिलं. ती म्हणाली, "राहू दे बाबा, तुम्ही तरी किती करणार?"

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मात्र मी धीर केला. सून स्वयंपाकघरात उभी राहून भूल कशी देतात त्याचं माहितीपत्रक वाचत होती. मी म्हटलं, "वहीबद्दल एक बोलायचं होतं."

"मलाही," ती म्हणाली. "बाबा, ती वही नसती ना, तर डॉक्टरांनी मलाच विचारलं असतं. आई नोकरी करते, पोरीकडे लक्ष नाही, खायला घालत नाही. माझी आईसुद्धा फोनवर तेच सुचवते. तुमच्यामुळे ते बालंट तरी टळलं." तिने माहितीपत्रकाची घडी घातली. "तुम्ही काय म्हणत होता?"

"काही नाही. उद्या वही बरोबर घेऊ का, एवढंच."

"घ्या की."

मुलगा कुठल्यातरी महामार्गावर होता, त्याला दुपारपर्यंत पोचता येणार नव्हतं. सकाळी मी, सून आणि मुंगी निघालो. रात्री नऊनंतर तिच्या पोटात काही जाऊ द्यायचं नव्हतं. रोज सहा वाजता डोळे उघडायच्या आत तिच्या तोंडात बाटली असायची. त्या दिवशी नव्हती. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. मी माझ्या मांडीवर वहीची पिशवी धरून बसलो होतो.

रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर एक लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना लोखंडी बाकं. साडेनऊ झाले असतील. समोरच्या बाकावर एक बाई आपल्या आजारी मुलासाठी डबा उघडून पावाला लोणी लावत होती. मुंगी सुनेच्या मांडीवरून उतरली. तुरुतुरु चालत त्या बाईपुढे जाऊन उभी राहिली आणि तळहात पुढे केला.

"दे," ती म्हणाली.

चेंडूसाठी, बाहुलीसाठी, माझ्या चष्म्यासाठी हा शब्द आम्ही रोज ऐकायचो. खाण्यासाठी तो तिच्या तोंडून कधी आला नव्हता. बाई पाव द्यायला निघाली तशी सून धावली आणि मुंगीला उचलून घेतलं. "नको हो, तिला काही द्यायचं नाहीये." मुंगीने पावाकडे हात लांब केले. दे, दे, दे. मग तिने भोकाड पसरलं. सगळा बोळ आमच्याकडे बघू लागला. सून तिला खांद्यावर घेऊन थोपटत होती आणि स्वतःही रडत होती. "आजच मागायचं होतं का गं तुला? दोन वर्षांत आजच?"

तेवढ्यात परिचारिका कागद घेऊन आली. तिने मुंगीच्या मनगटावर पट्टी बांधली, वय लिहिलं, वजन लिहिलं. "शेवटचं कधी खाल्लं?"

"रात्री आठला थोडा भात. नऊला दूध," सून म्हणाली.

"आणि एरवी दिवसभरात साधारण किती खाते?"

सुनेने डोळे पुसले. "ते बाबांना विचारा. ते ग्रॅममध्ये सांगतील."

परिचारिका माझ्याकडे बघत थांबली. मुंगी अजून रडत होती. मी पिशवीतून वही काढली आणि उघडली.

"पहिले दोन दिवस खरे आहेत," मी म्हटलं. "त्यापुढचा माझा एकही आकडा खरा नाही."

परिचारिकेला कळलं नाही. सुनेला कळलं. मी तिला ओळखतो, तिला एकदाच सांगावं लागतं. तरी मी सगळं बोललो, कारण आता थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. "एका वेळी दहा, बारा, चौदा ग्रॅम. तेवढंच खायची. बाकीचं मी खाल्लं. तिच्या आतड्याला काही झालेलं असेल की नाही मला माहीत नाही. पण ती जेवत होती म्हणून ही तपासणी ठरली, आणि ती जेवत नव्हती."

परिचारिका कागद घेऊन डॉक्टरबाईंना बोलवायला गेली. मला वाटलं सून ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या पट्ट्याकडे बघत होती. मग तिने हळू आवाजात विचारलं, "म्हणजे रविवारी माझ्या हातून तेरा ग्रॅम खायची, तेव्हा तुमच्या हातूनही तेवढंच खात होती?"

"हो."

"आणि मी जिन्यात बसायचे."

मी वही मिटली. ती उठली आणि समोरच्या बाकावर, त्या डबेवाल्या बाईशेजारी जाऊन बसली.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी माझा कान धरायचं तेवढं बाकी ठेवलं. चुकीच्या नोंदीवर आपण एका बाळाला भूल देणार होतो, हे त्या दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी सुनेला तक्ता विचारला, बाटल्या किती, कधी, ते विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर मुंगीकडे बघितलं. ती रडून दमली होती आणि तरी त्या पावावरून नजर काढत नव्हती. "हिला भूक लागायला तुम्ही वेळच दिला नाहीत," त्या म्हणाल्या. "पदार्थ उत्तम आहेत, पण दर तासाला काहीतरी तोंडाशी आलं तर मोठा माणूसही खाणार नाही. आजची तपासणी थांबवते. तीन तासांचं अंतर, मध्ये एकही बाटली नाही, आणि दोन आठवड्यांची खरी नोंद. तरीही वजन हललं नाही तर दुर्बीण घालावीच लागेल. तेव्हा मात्र मला ही वही चालणार नाही."

सुनेने तपासणीनंतरसाठी म्हणून पिशवीत केळं ठेवलं होतं. ते तिने सोललं. मुंगीने दोन्ही हातांनी धरून अर्धं खाल्लं. गालात काही ठेवलं नाही. मी समोरच्या बाकावरून बघत होतो. ते केळं कोणी मोजलं नाही.

संध्याकाळी मुलगा आला. नवरा-बायको दार लावून बोलले. तो बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, मला एक फोन तरी करायला हवा होता." एवढंच. सुनेने वहीतली जुनी पानं फाडली नाहीत. त्यांच्यावर एक मोठी फुली मारली आणि पुढचं पान उघडलं.

"उद्या मी कामावर जाणार," ती मला म्हणाली. "मुंगी तुमच्याकडेच राहील. दुसरं कोण आहे आपल्याला? पण उरलेलं तुम्ही खायचं नाही. वाटी तशीच ठेवायची, मी आल्यावर मोजेन."

"बरं," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी दुपारी फरक आला अकरा ग्रॅम. पुन्हा अकराच. मी अकरा लिहिलं. सहा वाजता सून आली, बूट काढले, हात धुतले आणि वाटी काट्यावर ठेवली. आकडा जुळला. तिने वहीतली आधीची नोंद बघितली. मग म्हणाली, "पण आधीचं वजन तुम्हीच लिहिलंय ना?"

बरोबर होतं तिचं. मी तिच्या जागी असतो तर मलाही हीच फट पहिल्यांदा दिसली असती. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी सातला उठून मुंगीच्या वाट्या स्वतः भरते, मोजते आणि आकडे स्वतःच्या अक्षरात लिहिते. मग वाट्यांवर झाकण घालते आणि झाकणावरून कागदाची पट्टी चिकटवून पट्टीवर सही करते. जप्त केलेल्या काट्यांवर मी चौतीस वर्षं तशीच पट्टी लावली. फ्रिज उघडला की तिच्या सहीच्या तीन पट्ट्या दिसतात. मी त्या ठरल्या वेळीच सोडवतो आणि फाटलेल्या पट्ट्या तिच्यासाठी बशीत ठेवतो.

सुनेच्या हातून मुंगी आता रविवारी तीस-पस्तीस ग्रॅम खाते. दार उघडंच असतं. त्या वेळी मी जिन्यात जाऊन बसतो. तसं मला कोणी सांगितलेलं नाही.

काल दुपारी मी पट्टी सोडवली, झाकण काढलं. गाजर, मटार आणि भात होता. मी चमचा उचलायच्या आत मुंगीने खुर्चीवर हात आपटला आणि म्हणाली, "दे." दिलं. पुन्हा म्हणाली, दे. मी खाली वाकून फरशी बघितली, लाळेरं झटकून बघितलं, गाल दाबून बघितले. कुठेही काही नव्हतं. वाटी काट्यावर ठेवली. एकसष्ट ग्रॅम.

संध्याकाळी सून यायच्या आधीपासून मी दाराशी उभा होतो. ती आली. वहीतला आकडा वाचला. वाटी काट्यावर ठेवली, वजाबाकी केली, वाटी उचलून पुन्हा ठेवली.

"खरंच खाल्लं तिने," मी म्हटलं. "मागून खाल्लं."

"हो का?" सून म्हणाली, आणि तिची नजर माझ्या पट्ट्यावर गेली.